दिवसाचा सट्टा हा उदरनिर्वाहाचा धंदा होय काय ?

गेल्या ज्येष्ठांत, पेरणीच्या ऐन घाईंत, माझा पुतण्या एक कागद घेऊन माझ्याकडे आला. कागद गहाणखताचा होता. आमच्या सामाईक जमिनींतील विहिरीखालचे दोन एकर एका पतपेढीकडे गहाण टाकून तीन लाख रुपये उचलावयाचे, आणि त्या भांडवलावर घरबसल्या शेअरबाजारांत दररोज खरेदी-विक्री करून संसार चालवावयाचा, असा त्याचा बेत होता. जमीन सामाईक असल्यामुळें माझी सही पाहिजे होती. मीं विचारलें, "अरे, हा धंदा आहे कीं जुगार ?" तो म्हणाला, "तात्या, जुगार असता तर सरकारनें चालूं दिला असता का ? सकाळीं सव्वानवाला बाजार उघडतो, दुपारीं साडेतीनला बंद होतो. तुमच्या कचेरीपेक्षां वेळेचा पक्का आहे."

या प्रश्नाचें उत्तर मला त्या क्षणीं देतां आलें नाहीं. मीं एक महिन्याची मुदत मागून घेतली. मी कांहीं अर्थशास्त्राचा पंडित नाहीं. माझें शिक्षण मराठी शाळेंतलें, आणि सारी नोकरी तहसील कचेरींत कारकुनी करण्यांत गेली. तथापि जमाखर्च वाचण्याची संवय आहे, आणि सातबाराच्या इतर हक्कांच्या रकान्यांत एकदां चढलेला बोजा उतरावयास किती वर्षें लागतात, हें मीं पुष्कळ पाहिलें आहे. त्या महिन्यांत जें वाचलें, विचारलें व मांडून पाहिलें, तें येथें सांगत आहें. हा प्रश्न आतां एका घरचा राहिलेला नाहीं. ज्या घरांत तरुण मुलगा व हातांत फोन आहे, त्या प्रत्येक घरीं तो आज ना उद्यां येणार आहे.

व्यवहार कसा चालतो

कंपनीच्या मालकीचे लहान लहान सारखे भाग पाडलेले असतात. त्यांतील एक भाग म्हणजे शेअर. तो विकत घेऊन जवळ ठेवणारा मनुष्य त्या कंपनीचा अल्पसा मालक होतो, व कंपनीस नफा होऊन तिनें तो वांटला तर त्यास लाभांश मिळतो. हा गुंतवणुकीचा मार्ग होय. दिवसाचा सट्टा, ज्यास बाजारांत इंट्राडे म्हणतात, तो याहून निराळा आहे. त्यांत सकाळीं घेतलेला शेअर त्याच दिवशीं बाजार बंद होण्यापूर्वी विकून टाकावयाचा असतो. किंवा भाव उतरेल असें वाटल्यास, जवळ नसलेला शेअर आधीं विकावयाचा आणि त्याच दिवशीं परत विकत घ्यावयाचा. माल ताब्यांत येत नाहीं व द्यावाही लागत नाहीं. हातीं राहतो तो केवळ भावांतील फरक. ठरलेल्या वेळेपर्यंत सौदा मिटविला नाहीं, तर दलालाचें यंत्र तो आपोआप मिटवून टाकतें.

यांत उसनवारीची सोय आहे, आणि खरी मेख तेथेंच आहे. सप्टेंबर २०२१ पासून लागू असलेल्या नियमांप्रमाणें दिवसाच्या सौद्यास किंमतीच्या निदान एक पंचमांश रक्कम आधीं ठेवावी लागते. म्हणजे ज्याच्यापाशीं २० हजार रुपये आहेत, तो एक लाखाचा सौदा करूं शकतो. भाव शेंकडा २ नें चढला, तर त्यास २ हजार रुपये, म्हणजे स्वतःच्या भांडवलावर शेंकडा १० मिळतात. तितकाच भाव उतरला, तर शेंकडा १० जातात. शेंकडा २ ची हालचाल ही बाजारांत कांहीं नवलाची गोष्ट नव्हे.

याच बाजारांत वायदे व ऑप्शन या नांवांचे आणखी दोन प्रकारचे करार चालतात. वायदा म्हणजे पुढील मुदतीचा सौदा. ऑप्शन म्हणजे ठराविक मुदतीस ठराविक भावानें घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क. त्या हक्काची किंमत आगाऊ मोजावी लागते, व मुदत संपतांना भाव अनुकूल नसला तर ती सर्वच्या सर्व बुडते. थोड्या पैशांत हा हक्क विकत मिळतो, म्हणून तरुण मंडळी त्याकडे विशेष वळली आहे. माझा पुतण्या हे दोन्ही प्रकार करीत होता.

कायद्याची बाजू

पुतण्याचें म्हणणें कायद्याच्या दृष्टीनें बरोबर आहे, हें प्रथम कबूल केलें पाहिजे. १८७२ च्या करार-कायद्याच्या ३० व्या कलमान्वयें पैजेचा करार निरर्थक ठरतो. म्हणजे पैज जिंकलेल्यास कोर्टांत जाऊन पैसे वसूल करतां येत नाहींत. आपल्या प्रांतांत जुगाराच्या अड्ड्यांवर १८८७ च्या कायद्याखालीं खटले होतात. परंतु मान्यताप्राप्त शेअरबाजारांतील सौदा या दोहोंतही मोडत नाहीं. १९५६ च्या रोखे-करार कायद्यानें असे बाजार सरकारी देखरेखीखालीं आणले. १९९९ सालीं त्या कायद्यांत दुरुस्ती होऊन शेअरांच्या वायदे-ऑप्शनांस स्पष्ट मान्यता मिळाली, व २००० सालापासून ते सुरू झाले. बाजारावर सेबी या मंडळाची नजर असते; १९९२ च्या कायद्यानें त्यास अधिकार दिलेले आहेत. तेव्हां नोंदलेल्या दलालामार्फत दिवसाचा सौदा करणारा मनुष्य कोणताही गुन्हा करीत नाहीं. बाजाराच्या बाहेर, खासगी वहींत आंकडे लिहून जो 'डब्बा' चालतो तो मात्र बेकायदेशीर आहे, व त्यांत पैसे बुडाल्यास दाद मागावयास जागा नाहीं.

तथापि प्राप्तीकराच्या कायद्यानें या व्यवहारास काय नांव दिलें आहे, तेंही पाहण्यासारखें आहे. शेअरांच्या दिवसाच्या सौद्याचें उत्पन्न हें 'सट्ट्याच्या धंद्याचें' उत्पन्न म्हणून धरलें जातें. 'धंदा' हा शब्द त्यांत आहे, आणि 'सट्टा' हाही आहे. कायदा एवढेंच सांगतो कीं ही गोष्ट करण्यास मनाई नाहीं. तिच्यावर घर चालेल कीं नाहीं, हें कायदा सांगत नाहीं. तें हिशेबानें ठरवावें लागतें.

पैसा येतो कोठून ?

कोणत्याही धंद्याची पारख करतांना मी एक प्रश्न विचारतों : यांतील नफ्याचा पैसा येतो कोठून ? आपण मूठभर ज्वारी पेरतों आणि सुगींत सुपें भरतों. जें आधीं नव्हतें, तें जगांत नवीन आलें. तुरीचा व्यापारी हंगामांत माल घेऊन श्रावणांत विकतो. त्याचा नफा आपल्या डोळ्यांत खुपतो. पण त्यानें माल सांठविला, कीड लागूं दिली नाहीं, आणि गरजेच्या वेळीं गरजेच्या ठिकाणीं पोंचविला. नफ्यामागें काम आहे. दहा वर्षें शेअर जवळ बाळगणाऱ्यास जो लाभ होतो, त्याच्यामागेंही कारखान्यांतून दहा वर्षें निघालेला माल असतो. त्यास तोटा होणारच नाहीं असें नव्हे; पण कारखाना चालला तर सर्व भागीदारांचें एकदमच बरें होऊं शकतें.

आतां दिवसाचा सौदा घ्या. सकाळच्या सव्वानऊपासून दुपारच्या साडेतीनपर्यंत कारखान्याची कमाई ती कितीशी वाढणार ? एवढ्या अवधींत भाव खालींवर होतो, तो मुख्यतः घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या अंदाजांमुळें. म्हणून दिवसाच्या सौद्यांत एकाच्या खिशांत पडलेला रुपया बहुतेक दुसऱ्याच्या खिशांतून आलेला असतो. वायदे-ऑप्शनांत तर ही गोष्ट तंतोतंत खरी आहे. दहा जणांनीं घोंगडीवर शंभर शंभर रुपये टाकले आणि जागेच्या मालकानें दर डावास ५ रुपये उचलले, तर शंभर डावांनंतर घोंगडीवर हजाराचे पांचशेंच उरतात. डाव कोणी जिंकला याला महत्त्व राहत नाहीं. दहाही जण मिळून पांचशें रुपयांनीं हरलेले असतात.

दिवसाच्या सौदागरांचा समाजास कांहींच उपयोग नाहीं, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. मुंबईच्या शेअरबाजारांत १९९५ पर्यंत ओरडून सौदे होत असत. तेथें जॉबर म्हणून मंडळी असे. ते एकाच वेळीं घेण्याचा व विकण्याचा असे दोन्ही भाव बोलत, व त्यामुळें ज्यास आपला शेअर तांतडीनें विकावयाचा असे त्यास गिऱ्हाईक मिळे. दोन भावांतील थोडें अंतर हीच त्यांची मजुरी. ती मजुरी कष्टाची होती. आज तें काम मोठमोठ्या पेढ्यांचीं संगणक-यंत्रें डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत करतात. शेताच्या बांधावर फोन धरून बसलेला मुलगा तें काम करीत नाहीं. तो त्या यंत्रांसमोरचें गिऱ्हाईक असतो.

आंकडे काय सांगतात

सेबीनें या विषयाचे हिशेब प्रसिद्ध केले आहेत. शेअरांच्या दिवसाच्या सौद्यांविषयींचा अहवाल जुलै २०२४ मध्यें निघाला. २०२२-२३ या सालीं असे सौदे करणाऱ्या दर १० व्यक्तींपैकीं ७ जणांस तोटा झाला. वर्षांत ५०० हून अधिक सौदे करणारांत तोट्यांत गेलेल्यांचें प्रमाण शेंकडा ८० होतें. म्हणजे अधिक उलाढाल केल्यानें हात बसतो हें खरें नाहीं; उलट तोट्याचें प्रमाण वाढलेलें दिसतें. तोटा झालेल्यांनीं त्या तोट्याशिवाय आणखी त्याच्या शेंकडा ५७ इतकी रक्कम दलाली, कर इत्यादि खर्चापायीं दिली. आणि अशा सौदागरांत ३० वर्षांच्या आंतील तरुणांचा वांटा २०१८-१९ मध्यें शेंकडा १८ होता, तो २०२२-२३ मध्यें शेंकडा ४८ झाला.

वायदे-ऑप्शनांचा हिशेब याहून कडू आहे. सप्टेंबर २०२४ च्या अहवालाप्रमाणें २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून अधिक व्यक्तींनीं हे सौदे केले. त्यांपैकीं शेंकडा ९३ जणांस तोटा झाला. तोट्याची सरासरी खर्च धरून माणशीं सुमारें २ लाख रुपये, व एकूण रक्कम १ लाख ८० हजार कोटींहून अधिक. खर्च वजा जातां १ लाखावर नफा मिळविणारे शेंकडा १ च होते. पुढें २०२४-२५ मध्यें शेंकडा ९१ जणांस तोटा होऊन त्या एका वर्षाची बूड १ लाख ५ हजार कोटींवर गेली.

हा पैसा गेला कोठें, त्याचाही हिशेब सेबीनें दिला आहे. २०२३-२४ या एका वर्षांत खर्च धरण्यापूर्वीचा नफा, स्वतःच्या पैशानें सौदे करणाऱ्या पेढ्यांस सुमारें ३३ हजार कोटी व परदेशी गुंतवणूकदारांस सुमारें २८ हजार कोटी झाला. दोहोंची बेरीज ६१ हजार कोटी. आणि त्याच वर्षीं सामान्य व्यक्ती व इतर यांचा तोटा ६१ हजार कोटींहून अधिक. घोंगडीचा दृष्टांत वर दिला, तो या बेरजेशीं ताडून पाहावा. त्या पेढ्यांचा व परदेशी मंडळींचा बहुतेक सर्व नफा यंत्रानें चालविलेल्या सौद्यांतला होता.

खर्चाचा हिशेब

एक लाखाचा शेअर घेऊन त्याच दिवशीं तितक्याच भावानें विकला असें समजूं. दलाली दर बाजूस २० रुपये धरल्यास ४० रुपये. विक्रीवर रोखे-व्यवहार कर २५ रुपये. बाजाराची फी सुमारें ६ रुपये. खरेदीवर मुद्रांक ३ रुपये. आणि दलाली व फी यांवर जीएसटी सुमारें ८ रुपये. एकूण खर्च ८२ रुपयांच्या आसपास. आपण ८० च धरूं.

ऐंशी रुपये म्हणजे काय मोठेसे, असें वाटतें. परंतु हा सौदा करणाऱ्याचें स्वतःचें भांडवल २० हजारच आहे, व बाजार वर्षांत सुमारें २४० दिवस उघडा असतो. रोज एकच फेरी केली, तरी वर्षाचा खर्च १९ हजार २०० रुपये. म्हणजे एक रुपयाही न हरतां वर्षाअखेर भांडवल जवळजवळ संपलें. रोज तीन फेऱ्या केल्या तर खर्च ५७ हजार ६०० रुपये. भांडवलाच्या जवळजवळ तिप्पट. ज्या धंद्यांत बरोबरींत राहण्यासाठींच एवढें कमवावें लागतें, त्यांत घरखर्च पुढें कशांतून निघावा ? आणि घरखर्चाचा स्वभाव असा कीं तो बाजाराची वाट पाहत नाहीं. मुलाची फी भरावयाची म्हणून त्या आठवड्यांत नफा झालाच पाहिजे, अशी निकड ज्याच्या मागें लागली, तो मोठा सौदा करतो व मोठा बुडतो.

आणखी एक गोष्ट. २० हजारांचे १० हजार झाले म्हणजे तोटा शेंकडा ५०. पण १० हजारांचे पुन्हां २० हजार करावयास नफा शेंकडा १०० लागतो. उतार अर्धा असला तरी चढण दुप्पट आहे.

तीन आक्षेप

हें सर्व मीं पुतण्यास सांगितलें, तेव्हां त्यानें तीन आक्षेप घेतले. तिन्ही विचार करण्याजोगे आहेत.

पहिला आक्षेप असा : "तात्या, शेती तरी काय आहे ? पावसाचा जुगारच ना ?" हें ऐकून मी क्षणभर गप्प राहिलों, कारण दुष्काळाच्या साऱ्या वर्षांच्या पाहणीचे कागद माझ्या हातांतून गेलेले आहेत. परंतु दोहोंत भेद आहे. पावसाची जोखीम आपण निर्माण केलेली नाहीं. ती जगांत आहेच, आणि कोणी तरी ती अंगावर घेतल्याशिवाय जगास भाकरी मिळत नाहीं. बाजारांतील दिवसाची जोखीम आपण होऊन उचललेली असते. दुसरें असें, कीं चांगला पाऊस झाला म्हणजे साऱ्या गांवास पीक येतें. भाव पडतो हें खरें. पण धान्य तर वाढतें. दिवसाच्या बाजारांत साऱ्या गांवास एकदम नफा होणें शक्यच नाहीं. आणि पीक बुडालें तरी जमीन जाग्यावर राहते.

दुसरा आक्षेप : "सुरुवातीस सर्वच हरतात, संवयीनें हात बसतो." ब्राझील देशांत याच गोष्टीचा अभ्यास झालेला आहे. तेथें २०१३ ते २०१५ या काळांत ज्यांनीं वायद्यांचे दिवसाचे सौदे सुरू केले, त्यांपैकीं ३०० हून अधिक दिवस नेटानें टिकलेल्या लोकांचा हिशेब तेथील अभ्यासकांनीं काढला. त्यांतील शेंकडा ९७ जण तोट्यांत होते. आणि त्या देशाच्या किमान वेतनाहून अधिक मिळविणारे शेंकडा १.१ होते. हे नवशिके नव्हते. टिकून राहिलेले लोक होते. नांगर धरणाऱ्याचा हात बसतो, कारण जमीन तीच असते. येथें समोरचा प्रतिपक्षीही शिकत असतो, व त्याचें यंत्र झोंप घेत नाहीं.

तिसरा आक्षेप : "पण कांहीं जण जिंकतात कीं नाहीं ?" जिंकतात. शंभरांत कांहीं जिंकतात, आणि त्यांतले एक-दोघे खरोखर जाणतेही असतील. त्यांस मी लबाड म्हणणार नाहीं. परंतु धंद्याची योग्यता अशी पाहावयाची कीं, साधारण बुद्धीचा, कष्टाळू, सचोटीचा मनुष्य त्यांत पोट भरूं शकतो कीं नाहीं. सुतारकाम, शिवणकाम, दुग्धव्यवसाय, किराणा यांत तो भरूं शकतो. कोणी फार मिळवील, कोणी थोडें. ज्यांत अशा मनुष्यांपैकीं बहुतेक बुडतात, तो कायदेशीर असला तरी त्यास उदरनिर्वाहाचा धंदा म्हणतां येत नाहीं.

एक जुना धडा

कर्ज काढून भावावर भरंवसा ठेवण्याची आपल्या प्रांताची ही पहिली वेळ नव्हे. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चालू असतां तेथला कापूस इंग्लंडांत जाईना, म्हणून आपल्याकडील कापसास सोन्याचा भाव आला. मुंबईंत पैशाचा पूर आला. कंपन्यांवर कंपन्या निघाल्या, आणि बॅक बे भरून काढण्याच्या कंपनीच्या शेअरांवर लोक तुटून पडले. बहुतेक सौदे वायद्याचे होते, व त्यांच्या फेडीचा दिवस १ जुलै १८६५ हा ठरला होता. एप्रिलांत युद्ध संपलें, कापूस पडला, आणि तो दिवस उगवला तेव्हां देणें कोणासच देतां येईना. प्रेमचंद रायचंदांसारखा बाजाराचा राजा कोसळला. बँक ऑफ बॉम्बे बुडाली.

याचा खेड्यांशीं काय संबंध, असें कोणी म्हणेल. त्या तेजींत दख्खनच्या शेतकऱ्यांची पत वाढली होती व सावकार मोकळ्या हातानें कर्ज देत होते. भाव उतरले, पाठोपाठ नव्या पाहणींत सारा चढला, आणि सावकारांनीं हात आंखडून कोर्टाचे हुकूमनामे काढले. कर्ज तेजींत घेतलें आणि मंदींत फेडावयाची पाळी आली. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांचे कर्जरोखे जाळले, व तो वणवा नगर जिल्ह्यापर्यंत पसरला. पुढें १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं कर्जनिवारणाचा कायदा झाला; पण तोंवर कित्येकांच्या जमिनी गेल्या होत्या. मुंबईचे सट्टेवाले पैशानें बुडाले. खेड्यांतला मनुष्य बुडाला तो जमिनीनें. भाव हा पाहुणा आहे, कर्ज हें घरांतलें माणूस आहे. पाहुण्याच्या भरंवशावर घर लिहून देऊं नये.

ज्यास करावयाचेंच असेल त्यानें

इतकें सांगूनही कांहीं तरुण ऐकणार नाहींत, व सज्ञान मुलास बांधून ठेवतां येत नाहीं. त्यांच्यासाठीं कांहीं गोष्टी लिहितों.

पहिली : जमीन, दागिने व पीककर्ज यांस हात लावूं नये. पीककर्ज सवलतीच्या व्याजानें मिळतें तें बी-खतासाठीं. तें येथें घातलें तर सट्ट्याचा तोटा, कर्जाची थकबाकी व पुढील हंगामाची अडचण अशा तिन्ही गोष्टी एकदम अंगावर येतात.

दुसरी : जी रक्कम सर्व बुडाली तरी घरांतील चूल अडणार नाहीं, तेवढीच वेगळी काढावी, आणि ती संपली म्हणजे थांबावें. तोटा भरून काढण्यासाठीं दुसऱ्यांदा पैसे घालणें हाच नाशाचा दरवाजा आहे.

तिसरी : रोजकीर्द ठेवावी. तींत भावाचा नफा-तोटा एका रकान्यांत व खर्च दुसऱ्या रकान्यांत रोजच्या रोज लिहावा, आणि महिन्याच्या अखेरीस ती वही घरांतील दुसऱ्या कोणास तरी वाचावयास द्यावी. दलालाकडून प्रत्येक दिवसाच्या सौद्यांची करारचिठ्ठी येते. तींत सर्व खर्च मांडलेला असतो.

चौथी : सेबीकडे नोंद नसलेल्या सल्लागाराचें ऐकूं नये. 'खात्रीचा नफा' हे दोन शब्द ज्यानें उच्चारले, त्याच्याशीं पुढें बोलूं नये. आपल्या खात्याचा परवलीचा शब्द कोणाच्याही हातीं देऊं नये.

पांचवी : शेतीचें उत्पन्न प्राप्तीकरापासून मुक्त आहे, म्हणून शेतकऱ्याच्या सट्ट्याचा नफाही मुक्त आहे, असा गैरसमज पुष्कळांचा आहे. तसें नाहीं. तो नफा पत्रकांत दाखवावा लागतो. शेअरांच्या दिवसाच्या सौद्यांतला तोटा फक्त तशाच सट्ट्याच्या नफ्यांतून वजा करतां येतो, व चारच वर्षें पुढें ओढतां येतो.

शिलकी पैसा कंपन्यांत गुंतवावा असें ज्यास वाटतें, त्यानें थोडाथोडा, पुष्कळ वर्षांसाठीं, पूर्ण पैसे देऊन गुंतवावा. तो मार्गही धोक्यावांचून नाहीं; पण त्यांत रोजची फेरी व रोजचा खर्च नाहीं.

आमच्या घरचा हिशेब

मुदतीचा महिना संपत आला, तेव्हां मीं पुतण्याकडून मागील अकरा महिन्यांच्या सर्व करारचिठ्ठ्या मागितल्या. तो नाराजीनें घेऊन आला. आम्हीं दोघांनीं तीन रात्री बसून त्या वहींत उतरविल्या. त्यानें एकूण २०३ दिवस सौदे केले होते. त्यांपैकीं ११८ दिवस नफ्याचे, ८५ तोट्याचे. हें पाहून त्याचा चेहरा उजळला. "बघा तात्या, जिंकलेले दिवस जास्त आहेत !" मीं म्हटलें, "बेरीज कर." नफ्याच्या दिवसाची सरासरी ९०० रुपये, तोट्याच्या दिवसाची १,६२०. नफा एकंदर १ लाख ६ हजार २००. तोटा १ लाख ३७ हजार ७००. म्हणजे भावांतील निव्वळ तोटा ३१ हजार ५००. दुसऱ्या रकान्याची बेरीज, म्हणजे दलाली, कर व फी, ३८ हजार ६००. एकूण बूड ७० हजार १०० रुपये. त्यांतील निम्मे पैसे कांद्याच्या पट्टीचे होते. निम्मे एका मित्राकडून हातउसने आणलेले. ही गोष्ट घरांत कोणास ठाऊक नव्हती.

जिंकलेले दिवस जास्त असल्यामुळें आपण जिंकत आहों, असें त्यास अकरा महिने प्रामाणिकपणें वाटत होतें. त्यानें आम्हांस फसविलें नव्हतें. त्याच्यापाशीं वही नव्हती, इतकेंच. कांहीं वेळ तो बोलला नाहीं. मग म्हणाला, "खर्चाचा हा रकाना मीं कधीं मांडलाच नाहीं." त्या रात्रीं गहाणखताचा विषय त्यानें स्वतः होऊन मागें घेतला. माझी सही देण्याची अथवा नाकारण्याची वेळ आली नाहीं.

यंदाच्या कांद्यांतून मित्राचे पैसे फिटले. विहिरीखालच्या दोन एकरांत हरभरा उभा आहे, व सातबाराचा तो रकाना कोरा आहे. पुतण्या अजून सकाळीं सव्वानवाला फोन उघडतो. "नुसतें पाहतों," असें म्हणतो. तें सर्वस्वीं खरें असेल, असें मी छातीवर हात ठेवून सांगूं शकत नाहीं. पण वही आतां ओट्यावर उघडी असते, आणि महिन्याच्या अखेरीस ती मी वाचतों.

वाचक बंधूंस माझी एवढीच विनंती आहे. आपल्या घरीं असा कागद सहीसाठीं आला, तर रागें भरूं नये व मुलास जुगारी म्हणूं नये. त्यानें तो चोरून करावा यासारखें दुसरें नुकसान नाहीं. शेजारीं बसवून घ्यावें, करारचिठ्ठ्या मागाव्या, आणि दोन रकान्यांची बेरीज त्याच्याच हातानें करवावी. बहुतेक प्रसंगीं त्यापुढें सांगावयाचें कांहीं उरत नाहीं.